नव्या हंगामाच्या नानाची टांग

खेळ कोणताही असो, त्यात भांडायला मिळत नसेल तर तो कोल्हापुरात रुजत नाही, असं माझं जुनं मत आहे. बुद्धिबळाला आमच्या पेठेत म्हणावी तशी बरकत आली नाही, ती यामुळेच. दोन माणसं तीन-तीन तास एकमेकांकडे न बघता गप्प बसतात आणि शेवटी हात मिळवून उठतात, याला आमच्याकडे खेळ म्हणत नाहीत. मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणतात. फुटबॉल मात्र फोफावला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या की आत बावीस जण चेंडू खेळतात आणि बाहेर अख्खं गाव पंचगिरी करतं. ऑफसाईड होता की नव्हता यावरून सख्ख्या भावांत दिवाळीपर्यंत बोलणं बंद राहू शकतं. नियमाची इतकी कदर दुसरीकडे कुठे पाहिलीत?

आम्ही लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळायचो, तेव्हा प्रत्येक गल्लीची घटना स्वतंत्र होती. एका गल्लीत भिंतीला लागून आलेला झेल आऊट, पलीकडच्या गल्लीत तोच नॉटआऊट. एका टप्प्याचा झेल एका हातानं घेतला तर चालेल, दोन हातांनी घेतला तर बाद धरणार नाही. चेंडू पाटलांच्या परसात गेला तर मारणाऱ्यानंच आणायचा, आणि पाटलीणबाई जागी असेल तर तो आऊटही. या घटनेत एक खलपुरुष असायचा : बॅटवाला. बॅट त्याच्या बापानं आणलेली. स्वतः पायात सापडला की तो जाहीर करायचा, "आजपासून पायचीत नाही!" आम्ही अकराच्या अकरा जण "रडीचा डाव खडी" म्हणून ओरडायचो. तो बॅट काखोटीला मारून घरी जायचा. आम्ही फळी घेऊन खेळ पुढे चालू ठेवायचो. पाव तासात तो बॅट घेऊन परत यायचा, कारण एकट्यानं खेळता येत नाही हे त्याला घरी गेल्यावर आठवायचं. बॅट त्याची होती, पण खेळ आमचा होता. आमचं सगळं लोकशाहीचं शिक्षण त्या पाव तासात झालं.

आता वाचकहो, अशी कल्पना करा, की तोच बॅटवाला सातासमुद्रापलीकडे जाऊन बसला आहे. त्याच्याकडे कोट्यवधी पोरं खेळायला येतात. त्यातली शंभर रुसून घरी गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. आणि तो दर तीन महिन्यांनी जाहीर करतो, "आजपासून पायचीत नाही!" मोबाईलवरच्या खेळांत ज्याला 'सीझन' म्हणतात, तो हाच प्रकार.

माझा पुतण्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या मोबाईलवर लढाईचे असे तीन-चार खेळ आहेत. त्यातल्या कुठल्या खेळाची ही हकीकत आहे ते सांगत नाही. उगाच कंपनीचं नाव घेऊन तिला मोठं कशाला करा? तर गेला पावसाळाभर हा पोरगा रात्री जेवण झालं की वही घेऊन बसायचा. हो, वही! त्यात कोणत्या गड्यानं कोणत्या गड्याशी लढावं, कोणता डाव किती सेकंदांनी टाकावा, याची कोष्टकं. वहिनींना वाटलं, पोरगा अभ्यासाला लागला. मलाही कोष्टकं पाहून अकाउंटन्सी वाटली. त्या कष्टाचं चीज होऊन तो बराच वर चढला. आणि एका सकाळी चहा पिता पिता त्यानं शांतपणे ती वही रद्दीवर ठेवली.

"काय रे?" मी विचारलं.

"सीझन बदलला काका. माझ्या गड्याचा मेन डाव कमी केला त्यांनी. आता पहिल्यापासून."

"मग तू भांडला नाहीस?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मोटारीला चारा घाल म्हणालो होतो. "कुणाशी भांडू काका? आता तसंच असतंय."

मला त्या नियमबदलाचा जेवढा राग आला नाही, तेवढा या "तसंच असतंय"चा आला. कोल्हापूरचं पोरगं, तीन पिढ्या तालमीच्या कट्ट्यावर वाढलेली, आणि नियम बदलला तर चहाचा घोट न चुकवता पुढे जातंय! हा लेख त्या रागाचा आहे.

जे वाचक माझ्या वयाचे आहेत आणि ज्यांच्या मोबाईलवर पंचांगापलीकडे काही नाही, त्यांच्यासाठी एका खेळाची उघड माहिती सांगतो. पोकेमॉन गो नावाचा खेळ २०१६ च्या जुलैत जगात आणि डिसेंबरात भारतात आला. रस्त्यानं चालत चालत काल्पनिक प्राणी पकडायचे. २०२० च्या सुरुवातीला त्यात लढतींचे हंगाम सुरू झाले. प्रत्येक प्राण्याला ताकदीचा एक आकडा असतो, आणि त्यावरून तीन गट केले : पंधराशेपर्यंत, अडीच हजारांपर्यंत आणि खुला. कोल्हापूरच्या माणसाला एवढं सांगितलं की बाकी समजवावं लागत नाही. हे सरळ वजनी गट झाले. पंधराशेच्या गटात पंधराशे एक चालत नाही. इथवर सगळं आपल्या ओळखीचं आहे.

पण हंगाम साधारण तीन महिन्यांचा. तो संपला की खेळाडू पुन्हा पहिल्या पायरीवर. नवा हंगाम सुरू होताना काही डावांची ताकद वाढते, काहींची घटते. मध्येच एखादी पाचशेच्या मर्यादेची छोटी स्पर्धा निघते, एखादीत ठरावीक जातीच्याच प्राण्यांना प्रवेश मिळतो. म्हणजे कसं, तर तुम्ही सहा महिने गंगावेशीच्या तालमीत ढाक घोटवलीत, उस्तादांनी पाठ थोपटली, आणि मैदानाच्या सकाळी फळ्यावर लिहिलेलं : 'आजपासून ढाकेचा जोर निम्मा. एकेरी पट दुप्पट. मोळीबद्दल विचार चालू आहे.' खासबागेत असा फळा कुणी लावला असता तर तो फळा आणि तो लावणारा यांतलं आधी काय चितपट झालं असतं, हे सांगायला पंच लागला नसता.

इथे कंपनीचा वकील उठून म्हणेल, "अहो, नियम बदलले नाहीत तर तेच चार गडी सगळीकडे जिंकत राहतील. नव्या पोरांनी यावं कसं?" मी म्हणतो, बरोबर आहे. नियम कधीच बदलू नयेत असं म्हणणारा माणूस मी नव्हे. याच पोकेमॉनच्या खेळात सुरुवातीला लढण्याआधी काही किलोमीटर चालण्याची अट होती. २०२० मध्ये करोना आला, माणसं घरात कोंडली गेली आणि ती अट काढली. शहाणपणाची गोष्ट. त्याबद्दल त्यांना नारळ द्यायला मी तयार आहे.

कुस्तीचे नियम तर किती बदलले! आपल्या मातीतल्या निकाली कुस्तीत गुण नाहीत. एकाची पाठ लागली की खेळ खलास. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर आणि गुणांवर. पुन्हा त्या गुणांचेही नियम फिरत राहिले. २००५ पासून काही वर्षं दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या, त्यातल्या दोन जिंकायच्या. फेरीत कुणालाच गुण मिळाला नाही तर पंच पिशवीत हात घालून रंगीत चेंडू काढायचा. ज्याच्या रंगाचा चेंडू, त्यानं दुसऱ्याचा पाय आयता धरून सुरुवात करायची. चार वर्षं खुराक खाऊन ऑलिंपिकला जायचं आणि निकाल सोडतीवर! आमच्या गल्लीतली भिशीसुद्धा याहून गंभीरपणे काढतात.

हे असंच चाललं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला २०२० पासूनच्या कायम खेळांतून वगळायची शिफारस केली. तेव्हा काय झालं पाहा. जगभरचे पैलवान ओरडले. जागतिक महासंघाच्या अध्यक्षांना त्याच महिन्यात पायउतार व्हावं लागलं. मे महिन्यात मॉस्कोला महासंघाची खास सभा भरली, नियम बदलले, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या आणि दोन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र धरू लागले. सप्टेंबरात कुस्ती ऑलिंपिकमध्ये परत आली. हाही नियमबदलच होता. पण तो कुणी केला, कुठे केला, का केला, हे जगाला दिसलं. त्या ओरडण्याचा उपयोग झाला. म्हणून माझं भांडण बदलाशी नाही, बदलणाऱ्याच्या अदृश्यपणाशी आहे.

तसंच पहिल्या पायरीवर यायलाही माझी हरकत नाही. महाराष्ट्र केसरीही नव्यानं लढावी लागते. गेल्या वेळी गदा मिळाली म्हणून यंदा कुणी खुर्चीवर बसून गदा नेत नाही. पण तिथे पैलवानाची कालची विद्या आज सकाळी कुणी काढून घेत नाही. प्रत्येक डावाला तोड असते. ती समोरच्यानं शोधायची असते, घाम गाळून, हौद्यात उतरून. डाव बोथट व्हायचा तर तो दुसऱ्या पैलवानाच्या अकलेनं व्हावा. कचेरीत बसलेल्या माणसानं आकडा खोडून तो बोथट करणं म्हणजे निकाल लागण्याआधी पंचानंच लंगोट कसून आखाड्यात उतरणं झालं.

दुसरं उदाहरण बंदुकीच्या खेळाचं. पबजी नावाच्या खेळानं आमच्या इकडची पोरं रात्र-रात्र जागवली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेला. जुलै २०२१ मध्ये तोच गडी भारतीय फेटा बांधून बीजीएमआय या नावानं परत आला. आता त्यात रक्त हिरवं होतं. माणूस मेला तरी मेला म्हणायचं नाही, 'फिनिश' म्हणायचं. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा दुकानातून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या बोलीवर पुन्हा आला. मोठ्यांनाही सहा तासांची मर्यादा. गंमत बघा, त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला. २०१४ पासून अडकलेला बैलांचा वाद आणि २०२२ पासून अडकलेल्या बंदुका, दोन्ही एकाच महिन्यात मार्गी लागले. पण फरक असा, की बैलांसाठी गावंच्या गावं रस्त्यावर आली, मोर्चे निघाले, विधिमंडळात कायदा झाला, न्यायालयात वर्षानुवर्षं वाद झाला. बैलाला वकील मिळाला! पोरांच्या खेळाचं मात्र येणं, जाणं, हिरवं होणं, सगळं वरच्या वर ठरलं. पोरांना मिळालं ते एक बटण : 'मान्य आहे'. 'मान्य नाही' असं बटण दाबलं तर खेळच बंद. हे त्या 'लग्नाला उभा राहतोस की घराबाहेर जातोस'सारखं झालं.

त्या खेळात आणखी एक नियम केला होता, तो ऐकून मी पाणी मागवलं. अठराच्या आतल्या मुलानं दिवसाला सात हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही! म्हणजे बंधन घातलं, ते सात हजारांचं. आमच्या घरात अठराच्या आतल्या मुलानं दिवसाला सत्तर रुपये मागितले तरी कुटुंबाची सभा बसते. आणि सात हजार हा आकडा कोल्हापूरनं विसरू नये असा आहे. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट इथे प्रत्येक तालमीत सांगतात. त्या सात हजारांत स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक मिळालं. काळाबरोबर रुपयाची किंमत उतरते हे मलाही कळतं, पण इतकी?

खाशाबांची आठवण निघालीच आहे, तर हेलसिंकीचीच दुसरी गोष्ट सांगतो, कारण माझ्या सगळ्या भांडणाचं मूळ तिच्यात आहे. जपानच्या इशीशी त्यांची मोठी, दमछाक करणारी लढत झाली. लगेच त्यांना सोव्हिएत पैलवानाशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची असा नियम होता. नियम होता! पण तो पंचांना ठणकावून सांगायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. खाशाबा दमलेल्या अंगानं उतरले, हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. नियम चांगला असूनही भांडणारा नसेल तर काय होतं, ते यात दिसतं. मग नियम रोज बदलणारा आणि भांडणारा कुणीच नाही, तिथे काय होत असेल?

याउलट २०२४ ची पॅरिसची गोष्ट घ्या. विनेश फोगट अंतिम फेरीत पोचली आणि त्या सकाळी वजन पन्नास किलोच्या वर शंभर ग्रॅम भरलं. बाद! सगळ्या देशाच्या घशात घास अडकला. नियम कठोर होता, पण आधीपासून लिहिलेला होता. आणि दाद मागायला लवाद होता, तिथे वकील उभे राहिले, निकाल विरुद्ध लागला तरी तो लेखी लागला. दुःख झालं, पण कुणाशी भांडायचं हे ठाऊक होतं. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून एका मल्लानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचं समर्थन मी करत नाही. पंच हा कुणाचा तरी बाप असतो. पण लाथ मारायला का होईना, समोर पंच होता हो! माझ्या पुतण्यानं लाथ मारायची म्हटली तर मोबाईल फुटेल, आणि तो मीच घेऊन दिलेला आहे.

आमच्या शेजारचे निवृत्त आबा हे सगळं ऐकून म्हणाले, "अहो, पोरखेळ तो. एवढं काय मनावर घेता?" हा आक्षेप मला मान्य नाही. पोरखेळातच पोरगं नियम म्हणजे काय ते शिकतं. आम्ही बॅटवाल्याशी भांडून शिकलो, की नियम सगळ्यांनी मिळून करायचा असतो आणि केल्यावर बॅटवाल्यालाही लागू असतो. आजचं पोरगं शिकतंय, की नियम रात्री झोपेत बदलतो, आपलं काल कमावलेलं आज कमी होऊ शकतं, कारण विचारायचं नसतं आणि शहाण्यानं 'मान्य आहे' दाबून पुढे जायचं असतं. हे पोरगं उद्या नोकरीला लागेल. साहेब म्हणेल, "या महिन्यापासून सुट्टीचा नियम बदलला." तो म्हणेल, "तसंच असतंय." परवा नगरपालिकेचा, तेरवा बँकेचा. आबा, तुमच्या पेन्शनचा नियम कुणी असा रात्रीत बदलला तर तुम्ही बिंदू चौकात उपोषणाला बसाल की नाही? यावर आबांनी विषय पावसावर नेला.

दुसरा आक्षेप : "खेळ फुकट आहे, मग तक्रार कसली?" फुकट कसला? पोरं त्यात गडी, पोशाख, बंदुकीचे रंग विकत घेतात. आणि ज्यांनी रुपया दिला नाही त्यांनी रात्री दिल्या आहेत. पोरांची गर्दी नसती तर पैसेवाले खेळले असते कुणाशी? गर्दी हीच तर त्या बॅटवाल्याची कमाई.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. उत्तम झालं. पण खेळ म्हणायचं तर मग खेळासारखं वागा. माझ्या मागण्या तीनच आहेत. नियम बदलायचा तर निदान एक हंगाम आधी सांगा. का बदलला ते चार ओळींत, पोरांना कळेल अशा भाषेत लिहा. मराठीत लिहिलंत तर कोल्हापूर उपकार मानेल. आणि ज्याला पटत नाही त्याचं म्हणणं ऐकणारा एक जिवंत माणूस बसवा; 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं छापील उत्तर देणारं यंत्र नको. विकत दिलेल्या गड्याची ताकद पुढे घटवलीत तर पैसे परत द्या. या झाल्या चार, पण नियम बदलायचा हक्क एकट्या कंपनीलाच आहे असं थोडंच आहे?

शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे. त्याची रचना अशी, की कुठेही बसा, हौदा दिसतो. डाव लागलेला सगळ्यांना दिसतो, आणि पंचाची लबाडीही. खेळाच्या बाबतीत याहून वेगळं तत्त्वज्ञान मला ठाऊक नाही.

कंपनीवाले हे वाचणार नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून शेवटची विनंती पोरांना. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी 'मान्य आहे' दाबण्याआधी एकदा मोठ्यानं "का?" म्हणा. मोबाईलला ऐकू जाणार नाही, पण कट्ट्यावर शेजारी बसलेल्या पोराला जाईल. आणि कोल्हापुरात दोघांना एकाच वेळी "का?" असा प्रश्न पडला, की काय भानगड आहे ते बघायला तिसरा आपण होऊन येतो.